कॉलेजच्या तालमीसाठी कुस्तीची मॅट: तीन प्रकारांचं परीक्षण

कॉलेजच्या कुस्ती प्रशिक्षकाच्या तीस वर्षांच्या नोकरीत मॅट घ्यायची वेळ दोनदा, फार तर तीनदा येते. नीट राखलेली मॅट दहा-बारा वर्षं चालते. पदवीची तीन वर्षं धरली तर चार बॅच तिच्यावर घडून बाहेर पडतात. खरेदी चुकली तर ती चूक या चारही बॅचच्या गुडघ्यांना भोवते. प्रशिक्षकाच्या गुडघ्यांनाही भोवते, कारण रोज सगळ्यात जास्त वेळा एकेरी पट (एक पाय धरून पाडण्याचा डाव) मारून दाखवणारा तोच असतो. म्हणून इथे किंमत बाजूला ठेवून फक्त मॅट पाहिली आहे: गुडघ्याखाली ती कशी वागते, कुठे फाटते, किती वेळात पसरते आणि कशी स्वच्छ राहते.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, फोमचे ठोकळे आणि त्यांच्यावर ताणलेलं एकच मोठं कव्हर. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हाच दिसतो. दुसरा, गुंडाळता येणारी रोल मॅट. तिसरा, दोन-तीन जड भागांत येणारी एकसंध मॅट. हॉल फक्त कुस्तीचा असेल आणि मुलं फ्रीस्टाईल किंवा ग्रीको-रोमन (ऑलिंपिकमधले कुस्तीचे दोन प्रकार) खेळत असतील तर पहिला प्रकार घ्यावा. त्याच हॉलमध्ये दुपारी बॅडमिंटन आणि संध्याकाळी कार्यक्रम होत असतील तर दुसऱ्याला पर्याय नाही. तिसरा प्रकार गुडघ्यांना सगळ्यात चांगला, पण एकदा ठेवला की तिथेच राहणार.

आधी माप. जागतिक संघटना, म्हणजे युनायटेड वर्ल्ड रेसलिंगच्या नियमांत कुस्तीचं वर्तुळ 9 मीटर व्यासाचं आहे. त्याच्या आतला काठाचा 1 मीटर वेगळ्या रंगाचा पट्टा, मधोमध 1 मीटरचं छोटं वर्तुळ, आणि बाहेर दीड मीटर संरक्षक भाग. असे मिळून 12 × 12 मीटर होतात. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचे नियम वेगळे आहेत. तिथे वर्तुळ किमान 32 फुटांचं आणि भोवती किमान 5 फुटांचा पट्टा, म्हणून मॅट 42 × 42 फूट, म्हणजे 12.80 मीटरची होते. हा 80 सेंटिमीटरचा फरक कागदावर लहान वाटतो, पण परदेशी माहितीपत्रक पाहून 42 फुटी मॅट मागवली आणि हॉल 12.5 मीटरचा निघाला तर एक बाजू भिंतीवर चढते. मॅटच्या चारही बाजूंनी निदान 1 मीटर मोकळा हवा. तेवढा मिळत नसेल तर भिंतीला 1.8 मीटर उंचीपर्यंत पॅड लावल्याशिवाय सराव सुरू करू नये. खांब, रेडिएटर, पायरीचा कोपरा, दरवाज्याची कडी हे सगळं त्यात धरायचं.

एका मॅटवर मुलं किती मावतात, हा हिशेबही खरेदीआधीच करावा. डावाची उजळणी करताना एका जोडीला 3 × 3 मीटर लागतात, म्हणजे 12 × 12 मध्ये 16 जोड्या. खऱ्या झटापटीला 4 × 4 हवेत, म्हणजे फक्त 9 जोड्या. तीस मुलांचा संघ असेल तर उजळणी एकत्र होते, पण जोराच्या कुस्त्या दोन पाळ्यांत घ्याव्या लागतात. हे न पाहता सगळ्यांना एकदम सोडलं की एका जोडीचा पाय दुसऱ्या जोडीच्या गुडघ्यावर पडतो. ती दुखापत मॅटच्या नावावर खपते, पण दोष जागेच्या हिशेबाचा असतो.

आता ठोकळे आणि कव्हर. ठोकळा साधारण 2 × 1 मीटरचा आणि 4 ते 6 सेंटिमीटर जाडीचा. ठोकळे एकाखाली एक सरळ रचले तर 72 पुरतात. पण तसं रचलं की चार कोपरे एका बिंदूत येतात, आणि पहिली फट तिथेच पडते. विटांच्या भिंतीसारखी प्रत्येक दुसरी रांग अर्ध्या ठोकळ्याने सरकवून रचावं. मग एकाआड एक रांगेत दोन्ही टोकांना 1 × 1 चे अर्धे ठोकळे लागतात: पूर्ण 66 आणि अर्धे 12. हा आकडा ऑर्डरमध्ये लिहिला नाही तर 72 पूर्ण ठोकळे येतात, मग कुणीतरी सुरीने ते कापतं, आणि कापलेली कड वर्षभरात कुरतडते. चार ठोकळे जास्तीचे घ्यावेत.

फोम कोणता, हा खरा प्रश्न. 'उच्च दर्जाचा फोम' एवढंच लिहिलेलं कोटेशन परत पाठवावं. मुख्यतः दोन जाती येतात. एक, बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम: हलका, पाणी न शोषणारा. दुसरी, फोमचा चुरा चिकटवून दाबलेली लादी: जड, दणका चांगला जिरवणारी, पण उघड्या पेशींची. चुऱ्याच्या लादीवरचं कव्हर फाटलं की घाम आणि पुसायचं पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. आधी वास येतो, मग खालच्या बाजूला काळे ठिपके दिसतात. तिथून पुढे तो ठोकळा फेकण्यावाचून उपाय नसतो.

घनता स्वतः मोजता येते, आणि मोजावीच. 2 × 1 मीटरचा, 6 सेंटिमीटर जाडीचा ठोकळा म्हणजे 0.12 घनमीटर. वजनकाट्यावर तो 12 किलो भरला तर घनता 100 किलो प्रति घनमीटर. कागदावर 100 लिहिलं असेल आणि ठोकळा 9 किलोचा निघाला तर माल 75 चा आहे. एकच ठोकळा मोजू नये, ढिगाच्या मधून पाच काढून मोजावेत. त्यांच्यात एक किलोचा फरक निघाला तर मॅट जागोजागी वेगवेगळी लागणार.

मात्र घनता जास्त म्हणजे मॅट चांगली, असं नाही. ज्युदोच्या मॅट, म्हणजे ताटामी, 230 किलोच्या आसपास घनतेच्या असतात, वर खरबरीत असतात, आणि पाठीवर सपाट पडण्यासाठी त्या योग्यही आहेत. कुस्तीत आधी गुडघा टेकतो. कलाजंग (जोडीदाराला खांद्यांवर घेऊन टाकण्याचा डाव) मारताना दोन्ही गुडघे स्वतःच्या वजनासकट जोडीदाराचंही वजन घेऊन खाली येतात. शिवाय खालच्या कुस्तीत, म्हणजे दोघं मॅटवर पडून झुंजतात तेव्हा, चेहरा, कान आणि कोपर घासतात. ज्युदोच्या ताटामीवर कुस्तीचा वर्ग चालवला की गुडघ्यांपुढे पाण्याची सूज आणि कपाळावर खरचटल्याच्या खुणा काही आठवड्यांतच दिसू लागतात. कार्यालय 'मॅट ती मॅट' म्हणून ताटामी घेऊन देत असेल तर प्रशिक्षकाने तिथे ठाम उभं राहावं.

उलट, फार मऊ मॅटही धोक्याचीच. पाऊल आत रुतलं की वळताना बूट जागीच राहतो आणि गुडघा फिरतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध ताणला जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मऊ मॅटवर पटात शिरण्याचा वेगही मरतो, मागचा पाय जोर लावायला टणक जागा शोधत राहतो. म्हणून फेकीच्या सरावासाठी संपूर्ण मॅट मऊ करू नये. ढाक, सुप्लेक्स या फेकीच्या डावांची पहिली शंभर आवर्तनं 20 ते 30 सेंटिमीटर जाडीच्या वेगळ्या क्रॅश पॅडवर घ्यावीत आणि मुख्य मॅट टणकच ठेवावी. दोन थरांचे ठोकळे मिळतात, वर मऊ आणि खाली घट्ट. ते सगळ्यात समतोल वाटतात. थर कसे चिकटवले आहेत ते मात्र कोपरा दुमडून पाहावं. नखाने कड सुटली तर महिन्याभरात आत थर सरकणार.

तपासायची सोपी रीत: संघातला सगळ्यात जड मुलगा घ्या. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाईलचे पुरुषांचे गट 57 ते 125 किलो होते, म्हणजे एकाच मॅटने दुप्पट वजनाला सावरायचं असतं. जड मुलाने एका गुडघ्यावर पूर्ण भार देऊन बसावं. गुडघ्याला खालची फरशी लागली तर मॅट त्याच्यासाठी पातळ आहे. मग 57 किलोच्या मुलाने उभ्याने गुडघा टाकून पट मारावा. त्याला 'टक्' असा आवाज आणि झटका जाणवला तर मॅट कडक आहे. दोघांनाही चालेल अशी मॅट मिळते, पण दोघांनाही बसवून पाहिल्याशिवाय ती ओळखता येत नाही.

फोम बसतो का, तेही पाहता येतं. 6 सेंटिमीटरच्या नमुन्याचा तुकडा दोन फळ्यांत धरून साडेचार सेंटिमीटरपर्यंत आवळा आणि 24 तास ठेवा. मग सोडा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. साडेपाचच्या खाली राहिला तर तो फोम वर्तुळाच्या मध्यभागी, जिथे रोज उभं राहणं असतं, तिथे पहिल्याच वर्षात बशीसारखा खोल जाईल.

कव्हरबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण या प्रकारातल्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. ते जाड व्हिनाइलचं (रेक्झिनसारख्या प्लास्टिकच्या कापडाचं), एकसंध वेल्डिंग केलेलं, म्हणजे उष्णतेने सांधे जोडलेलं असावं, शिलाई नको. शिलाईच्या भोकांतून घाम आत जातो. कडेने खाली वळवायला जागा धरून ते 13 × 13 मीटरचं घ्यावं लागतं. चौरस मीटरला 650 ग्रॅम धरलं तर वजन 110 किलोच्या आसपास जातं, म्हणून पसरायला सहा जण हवेत. खालच्या बाजूला न सरकणारा जाळीदार थर असावा, नाहीतर कव्हर फोमवर तरंगतं आणि दोघं ढकलाढकली करत असताना त्यांच्यासकट घसरतं.

ताणण्याची पद्धत खाटेच्या नवारीसारखी. एक बाजू पूर्ण आवळून मग समोरची घेतली तर कव्हर तिरकं बसतं आणि वर्तुळ लंबगोल होतं. मध्यबिंदू जुळवा, समोरासमोरच्या बाजूंचे मधले बंध आधी अर्धे आवळा, मग कोपऱ्यांकडे सरकत जा, आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण आवळा. नवं कव्हर दोन-तीन दिवसांत सैल पडतं. हा त्याचा दोष नाही, व्हिनाइल तसंच वागतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताणायचं, आणि हवामान गरम झालं की पुन्हा. मध्यभागी दोन बोटांच्या चिमटीत सुरकुती उचलता आली तर त्या दिवशी जोराच्या कुस्त्या घेऊ नयेत. पटात ओढला गेलेला पाय त्या सुरकुतीत अडकतो, आणि घोटा वळायला तेवढं पुरतं.

ठोकळ्यांची दुसरी खोड म्हणजे पसरणं. सगळा जोर मधून बाहेर असतो, त्यामुळे काही महिन्यांत ते काठाकडे सरकतात आणि मध्ये फटी पडतात. वरून काही दिसत नाही, कव्हर सगळं झाकतं. दर सोमवारी अनवाणी, टाच दाबत, ठोकळ्यांच्या सांध्यांच्या रेषांवरून चालत जावं. टाच जिथे खचते तिथे फट आहे. बाहेरून लाकडी किंवा लोखंडी चौकट, नाहीतर खालून रुंद वेल्क्रोच्या पट्ट्या, यांपैकी काहीतरी सुरुवातीलाच घ्यावं. चौकट घेतली तर ती मॅटच्या पृष्ठभागाखाली राहील अशी बसवावी आणि फोमने झाकावी.

स्पर्धेसाठी मॅट मंचावर चढवायची असेल तर नियमाने मंचाची उंची 1.10 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. रोजच्या सरावाला मंच नकोच.

रोल मॅटचा विचार वेगळा आहे. बंद पेशींच्या पॉलिथिलीन फोमवर व्हिनाइल कायमचं चिकटवलेलं असतं आणि खालच्या बाजूने फोमला ओळीने चिरा दिलेल्या असतात. त्या चिरांमुळे ती गुंडाळता येते आणि वरचा पृष्ठभाग अखंड राहतो. टेक्ससच्या डॉलामूरचं फ्लेक्सी-रोल हे या जातीचं सगळ्यात ओळखीचं नाव. जाडी साधारण 32, 41 किंवा 51 मिलिमीटर. कुस्तीसाठी 32 घेऊ नये, ती लहान मुलांच्या वर्गाला ठीक. फरशी काँक्रीटची असेल तर 51, खाली लवचीक लाकडी जमीन असेल तर 41.

दीड मीटर रुंदीचे आठ पट्टे घेतले की 12 मीटर भरतात. 12 मीटर लांब, 4 सेंटिमीटर जाड पट्टा गुंडाळल्यावर 80 सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा होतो, आणि फोम हलका असल्याने दोन मुलं तो सहज उचलतात. चौघं मिळून पूर्ण मॅट अर्ध्या तासात पसरून टेप लावतात. ठोकळे आणि कव्हरला सहा जणांचे दीड-दोन तास जातात. हॉल सामायिक असेल तर हा फरक रोजच्या रोज सरावाच्या वेळेतून कापला जातो, म्हणून तिथे रोल मॅटच योग्य.

तिचा कमकुवत भाग म्हणजे सांधे. पट्टे एकमेकांना घट्ट टेकवून वरून 10 सेंटिमीटर रुंदीचा पारदर्शक मॅट टेप लावतात. काही मॅटना खालून वेल्क्रोची जोडणी असते. ती सोयीची, पण जोराच्या कुस्तीला तिच्यावर एकटीवर विसंबू नये. टेप लावताना ताणू नये. ताणून लावलेला टेप रात्रीत आखडतो, कडा वर वळतात आणि सकाळी त्या कडेवर कुणाचं तरी कोपर कापतं. टेप पसरवत जायचा आणि मागून तळव्याने दाबत जायचा. पॅकिंगचा साधा टेप वापरू नये. त्याचा गोंद व्हिनाइलवर राहतो, त्यावर धूळ बसते आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना काळी चिकट रेघ तयार होते, जी पुढे कशानेच स्वच्छ होत नाही.

गुंडाळताना व्हिनाइल आत आणि चिरा बाहेर. उलटी गुंडाळली की चिरांच्या कडा एकमेकींवर दाबून तुटतात. मॅट कोरडी झाल्याशिवाय गुंडाळू नये, आतला ओलावा तसाच कोंडतो. रोलवर रोल रचायचे तर दोनच थर. त्यांच्यावर खुर्च्या, नेट, सामान ठेवू नये, कारण या फोममध्ये पडलेला खड्डा परत भरत नाही. खिडकीतून थेट ऊन पडणाऱ्या जागी रोल मॅट कायमची पसरू नये. पॉलिथिलीन उष्णतेने आक्रसतं, आणि एका पट्ट्याचं टोक दुसऱ्यापेक्षा आखूड झालं की तो सांधा कधीच नीट बसत नाही. सुट्टीत महिनाभर गुंडाळून ठेवलेली मॅट पसरल्यावर टोकं वर उचललेली दिसतात. एक रात्र पसरून ठेवल्यावर ती बसतात. त्यांवर वजनं ठेवण्याची घाई करू नये.

तिसरा प्रकार, एकसंध जड मॅट. पेन्सिल्व्हेनियातली रेसिलाइट 1959 पासून अशा मॅट बनवते आणि अमेरिकन कॉलेजांच्या कायम सरावाच्या खोल्यांत त्या वर्षानुवर्षं पसरलेल्या असतात. पीव्हीसी जातीचा घट्ट फोम, वर पातळ रंगासारखा लवचीक लेप. गुडघ्याला ती संथपणे, खोलवर सावरते, उसळी देत नाही. खालच्या कुस्तीचा, भारंदाज आणि एकलंगी या डावांचा सराव तासन् तास करायला याहून चांगला पृष्ठभाग नाही. पण 42 फुटी मॅट तीन भागांत येते आणि प्रत्येक भाग हलवायला आठ-दहा माणसं लागतात. दरवाजा, जिना, वळण, हे सगळं आधी मोजावं. लेपाला वर्षांनी तडे जातात आणि तो सोलतो. त्यावर नवा लेप चढवता येतो आणि मॅटचं आयुष्य वाढतं, पण तो चढवणारा माणूस आवाक्यात असेल तरच. नसेल तर हा प्रकार सोडून द्यावा. घडी कधीच घालू नये, घडीच्या रेषेवर लेप फुटतो.

तिन्ही प्रकारांत विकणाऱ्याला एक गोष्ट हमखास विचारावी: दणका जिरवण्याच्या चाचणीचा अहवाल. स्पर्धेच्या कुस्ती मॅटसाठी एएसटीएम या अमेरिकेतल्या प्रमाणसंस्थेचं एफ 1081 हे प्रमाण आहे. अहवाल त्याच फोमचा, त्याच जाडीचा आहे का ते पाहावं. 51 मिलिमीटरचा अहवाल दाखवून 41 ची मॅट देणं हा प्रकार होतो. माहितीपत्रकावरचं चिन्ह म्हणजे अहवाल नव्हे.

मॅटखालची जमीन कोरडी हवी. खात्री नसेल तर अर्ध्या मीटरचा प्लास्टिकचा चौकोन फरशीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसलं किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर ओल वर येते आहे, आणि तिथे चुऱ्याची लादी टाकणं म्हणजे ती कुजवणं. जमिनीला उंचवटे असतील तर ते घासून घ्यावेत. फोम उंचवटे लपवतो, पण गुडघ्याला ते लागतातच.

स्वच्छता हा मॅटच्या परीक्षणाचाच भाग आहे. जी मॅट दहा मिनिटं ओली राहू शकत नाही ती निर्जंतुक होऊ शकत नाही. जंतुनाशकाच्या डब्यावर संपर्काची वेळ लिहिलेली असते, बहुतेकांची ती 10 मिनिटांच्या आसपास. तेवढा वेळ पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे. 144 चौरस मीटरला त्यासाठी आठ लिटरच्या आसपास द्रावण लागतं. अर्ध्या बादलीत मॅट 'पुसून झाली' असं होतं तेव्हा ती दोन मिनिटांत वाळलेली असते. पंखे त्या वेळी बंद ठेवावेत आणि दहा मिनिटांनी लावावेत.

क्रम असा: आधी कोरडा झाडू किंवा धुळीचा मॉप, मग साबणाचं पाणी, मग जंतुनाशक. घामाच्या थरावर थेट जंतुनाशक टाकलं की ते घाणीशीच झुंजत बसतं. मागे मागे सरकत पुसायचं, म्हणजे पुसलेल्या जागेवर पाय पडत नाही. मॅटचा मॉप बाथरूमला किंवा वऱ्हांड्याला वापरायचा नाही, आणि त्याचं कापड रोज धुवून वाळवायचं. मॅटच्या कंपनीने चालतं म्हटलेलं क्वाटर्नरी अमोनियम जातीचं द्रव्य सगळ्यात सुरक्षित. ब्लीच वापरायचंच झालं तर घरगुती तीव्रतेचं, एक लिटर पाण्यात 15 मिलिलिटर, आणि रोज ताजं. कालच्या द्रावणाचा जोर गेलेला असतो. त्यात दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नये, विषारी वायू निघतो. रोज ब्लीच मारलं तर व्हिनाइलचा रंग उडतो आणि ते कडक होतं, म्हणून ते नेमाने वापरण्याची वस्तू नाही.

सरावाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा पुसावं. एकदाच जमत असेल तर सराव संपल्या संपल्या.

पण पुसण्याने सगळं थांबतं असा समज ठेवू नये. गजकर्ण आणि स्टॅफ या जिवाणूच्या फोडांना मॅट, टॉवेल, नीकॅप यांची मदत होते. हर्पीज हा विषाणूमुळे येणाऱ्या फोडांचा आजार मात्र मुख्यतः त्वचेतून त्वचेला लागतो, मॅट कितीही स्वच्छ असली तरी. 1989 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका चार आठवड्यांच्या कुस्ती शिबिरात 175 पैकी 60 मुलांना तो झाला. त्यामुळे मॅट पुसणारा मॉप आणि मुलांची त्वचा तपासणारी नजर, दोन्ही रोज लागतात. अमेरिकन कॉलेज कुस्तीच्या नियमांत अंगावरच्या गजकर्णाला निदान 72 तास मलमाचा उपचार झाल्याशिवाय मुलाला खेळू देत नाहीत. सरावालाही हाच कस लावावा. मुलगा आपणहून सांगत नाही, संघातली जागा जाईल अशी भीती असते. म्हणून रोजच्या नजरेखेरीज आठवड्यातून दोनदा वजनाच्या वेळी मान, कानामागची जागा आणि कोपराच्या आतली बाजू प्रशिक्षकानेच पाहावी.

मॅटचा पृष्ठभाग खरबरीत असेल तर हे सगळं बिघडतं, कारण खरचटलेली कातडी म्हणजे उघडं दार. नमुना मागवून गाल आणि हाताची आतली बाजू त्यावर जोराने घासून पाहावी. मग पाण्याचा फवारा मारून बुटाने ढकलून पाहावं. कोरडी असताना घासत नाही आणि ओली असताना घसरत नाही, अशी मॅट हवी. चकचकीत व्हिनाइल पहिल्या परीक्षेत पास होतं आणि दुसऱ्या परीक्षेत पडतं.

नव्या प्रशिक्षकाला बहुतेक वेळा मॅट आयतीच मिळते, आधीच्या माणसाने घेतलेली. ती नाकारण्याआधी कव्हर काढून खाली बघावं. फोम शाबूत आणि फक्त कव्हर फाटलेलं असेल तर नवं कव्हर पुरतं. मध्यभागचे ठोकळे बसले असतील आणि काठाचे नवे दिसत असतील तर अदलाबदल करावी, कोपऱ्यावरचे ठोकळे मध्ये आणि मधले कोपऱ्यांवर. त्यात दोन-तीन वर्षं निघतात. ओला, वास येणारा फोम मात्र ठेवू नये. कार्यालय मंजुरी देत नसेल तर एक ठोकळा उलटा करून त्याचा फोटो अर्जाला जोडावा, शब्दांपेक्षा तो लवकर काम करतो.

खरेदीच्या टिपणात या गोष्टी आकड्यांत लिहाव्यात: फोमची जात, घनता, जाडी आणि तिच्यात चालणारा फरक, कव्हरचं वजन प्रति चौरस मीटर, वेल्डिंग, शिलाई नाही, पूर्ण आणि अर्ध्या ठोकळ्यांची संख्या, चाचणीचा अहवाल, आणि माल उतरवल्यावर पाच ठोकळे वजन करून मगच स्वीकार. त्याच ऑर्डरमध्ये मॅट टेपचे दोन डझन रोल, त्याच कव्हरचा दोन मीटरचा जास्तीचा तुकडा आणि त्याला चिकटणारा व्हिनाइलचा गोंद घ्यावा. फाटलेल्या जागेचे कोपरे गोल कापून, दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून, ठिगळ खालून लावायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. वरून लावलेलं ठिगळ बुटाच्या टोकाने सुटतं. तो जास्तीचा तुकडा नंतर मागवला तर रंग जुळत नाही, आणि वर्तुळाच्या काठावर वेगळ्या रंगाचं ठिगळ असेल तर पाय आत होता की बाहेर, यावर सरावातही भांडण लागतं.